लंडनमधील बिनदांड्याचा पंप

आपल्याकडील माणूस लंडनला गेला म्हणजे राजवाड्याचे फाटक, टॉवरचा पूल, वेस्टमिन्स्टरचे मोठे घड्याळ आणि मेणाचे पुतळे एवढे पाहून व चार छायाचित्रे काढून घरी परततो. आम्हीही ते सर्व यथासांग केले. परंतु मुक्कामाचे दोनच दिवस उरले, तेव्हा ज्याच्या घरी उतरलो होतो त्या आमच्या भाच्यास आम्ही म्हटले, "उद्या आम्हांला सोहोमधला पंप दाखव." भाचा तेथे सात वर्षे नोकरीनिमित्त राहत आहे, त्याने हा पंप कधी पाहिला नव्हता. "मामा, पंप पाहायला एवढ्या दूर आलात? आपल्या वाड्याच्या मागे होता की एक!" असे म्हणून तो हसला. तथापि मुलगा गुणी. दुसऱ्या दिवशी त्याने अर्ध्या दिवसाची रजा काढली.

भुयारी रेल्वेने ऑक्सफर्ड सर्कस येथे उतरून, दुकानांची ती अफाट गर्दी मागे टाकून आम्ही पोलंड स्ट्रीट नावाच्या अरुंद रस्त्याने दक्षिणेकडे वळलो. रस्ता संपतो तेथे आडवा येतो तो ब्रॉडविक स्ट्रीट. 1936 पर्यंत ह्याचेच नाव ब्रॉड स्ट्रीट असे होते. दोहो बाजूंस कचेऱ्या, खाणावळी, कॉफीची दुकाने. तरुण मंडळी हातांत कागदी पेले घेऊन लगबगीने चाललेली. एका कोपऱ्यावरच्या मद्यगृहासमोर फरसबंदीवर काळ्या रंगाचा एक लोखंडी पंप उभा आहे. त्याला तोटी आहे, पण दांडा नाही. जवळच फरसबंदीच्या कडेला तांबूस ग्रॅनाइटचा एक दगड बसविलेला आहे. मूळ पंपाची जागा ती. हा पंप जुना नव्हे, त्याची प्रतिकृती होय. 1992 साली ती प्रथम उभारली गेली आणि 2018 साली मूळ जागेजवळ आणून बसविली. मागच्या मद्यगृहावर 'जॉन स्नो' अशी पाटी आहे. ज्या डॉक्टरांचे हे नाव, त्यांनी आयुष्याचा बराच काळ मद्यास स्पर्श केला नव्हता. लोकांना माणसाचे स्मारक करावयाचे असले म्हणजे ते त्याची आवडनिवड विचारीत बसत नाहीत!

आम्ही त्या पंपाजवळ बराच वेळ उभे राहिलो. भाच्याने छायाचित्र काढले आणि विचारले, "मामा, इथे झाले तरी काय?" त्यास जे सांगितले, तेच येथे जरा विस्ताराने लिहितो.

1854 च्या ऑगस्टची 31 तारीख, गुरुवार. त्या रात्री ह्या रस्त्याच्या आसपासच्या घरांतून पटकीचा अकस्मात उद्रेक झाला. पटकी म्हणजे कॉलरा. आमच्या गोव्याकडील वडीलधारी माणसे जिला मोडशी म्हणत तीच. गोव्यात राहिलेल्या गार्सिया द ऑर्ता ह्या पोर्तुगीज वैद्याने 1563 साली गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात ह्या रोगाचे वर्णन केले आहे. पुढे युरोपियनांच्या तोंडी मोडशीचे 'मोर्देशी' झाले आणि फ्रेंचांनी तर तिचे 'कुत्र्याचे मरण' अशा अर्थाचे शब्द करून टाकले. शब्द चुकीचा, पण रोग पाहिलेल्यांना तो खोटा वाटला नसावा. सकाळी धडधाकट असलेला माणूस उलट्या आणि जुलाब होऊन संध्याकाळी निळसर पडावा व रात्री जावा, असे त्याचे रूप होते. ब्रॉड स्ट्रीटच्या भोवती सुमारे अडीचशे यार्डांच्या टापूत दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसे दगावली. एकंदर मृत्यूंचा आकडा 616 असा सांगतात. सहा दिवसांच्या आत, ज्या गल्ल्यांना सर्वांत जास्त झळ लागली होती तेथील तीनचतुर्थांशांहून अधिक रहिवासी घरे टाकून निघून गेले.

वाचकांनी ह्या शेवटच्या वाक्यावर थोडे थांबावे. साथीची चौकशी करणाऱ्याची खरी अडचण तेथे आहे. सांगण्यासारखे ज्याच्यापाशी काही होते, त्याला एकतर पुरलेले असते किंवा तो दूर कोठे आप्तांकडे पळून गेलेला असतो. उरलेला भयाने आणि दुःखाने गोंधळलेला असतो. परवा काय खाल्ले आणि कोठले पाणी प्यालो, हे निवांतपणीदेखील आपणांस सांगता येत नाही. मग घरात मढे असताना कोण सांगणार?

डॉक्टर जॉन स्नो तेव्हा एक्केचाळीस वर्षांचे होते. यॉर्क गावी एका मजुराच्या पोटी 1813 साली जन्मलेला हा मनुष्य गुंगीच्या औषधांतील निष्णात म्हणून प्रसिद्धीस आला होता. आदल्याच वर्षी व्हिक्टोरिया राणीस बाळंतपणात क्लोरोफॉर्म त्यांनीच दिले होते. कॉलरा दुर्गंधीयुक्त हवेतून पसरतो असे त्या काळी बहुतेक सर्व विद्वान मानीत. रोग्याच्या मैल्याने दूषित झालेले पाणी पोटात गेल्याने तो होतो, हे स्नोंचे मत 1849 पासून छापून आलेले होते आणि फारसे कोणी ते मनावर घेतले नव्हते. ब्रॉड स्ट्रीटच्या साथीची वार्ता ऐकताच त्यांना त्या पंपाचा संशय आला. त्यांनी पाणी काढून पाहिले. परंतु त्यात डोळ्यांस म्हणावी तशी घाण दिसेना. त्या पंपाच्या पाण्याची ख्याती चांगली होती. ते थंड असे, चवदार असे, आणि दुसरा पंप जवळ असलेली माणसेही मुद्दाम तेथून पाणी नेत.

मग स्नो मृत्यूंची नोंद ठेवणाऱ्या कचेरीत गेले. 2 सप्टेंबर रोजी संपलेल्या आठवड्यात त्या भागात पटकीने 89 मृत्यू झाल्याची नोंद होती. त्यांपैकी आठवड्याच्या पहिल्या चार दिवसांत सहा, गुरुवारी चार, आणि शुक्रवार-शनिवार मिळून एकोणऐंशी. नावे आणि पत्ते हाती घेऊन हे गृहस्थ प्रत्यक्ष घरोघर निघाले. जवळजवळ सर्व मृत्यू पंपापासून थोड्याच अंतरावर झाले होते. दुसरा पंप निश्चितपणे जवळ असलेल्या घरांत केवळ दहा मृत्यू निघाले. त्या दहांचा स्नोंनी असा माग काढला: पाच कुटुंबांनी सांगितले की आमच्याकडे पाणी नेहमी ब्रॉड स्ट्रीटवरूनच येते, आम्हांला तेच आवडते. आणखी तीन मृत्यू मुलांचे होते. त्या मुलांची शाळा पंपाजवळ होती. पंपाच्या टापूतल्या उरलेल्या मृतांपैकी 61 जण ते पाणी पीत असल्याचे घरच्यांनी सांगितले. सहा जणांविषयी सांगायला कोणी उरलेच नव्हते. आणि सहा जण पीत नव्हते असे कळले. हे शेवटचे सहा आकडे आपल्या मताच्या विरुद्ध जाणारे असूनही स्नोंनी ते तसेच छापले, हे आम्हांला विशेष वाटते.

न मेलेल्यांचीही त्यांनी वास्तपुस्त केली. आम्ही ज्या पोलंड स्ट्रीटने आलो त्याच रस्त्यावर निराधारांचे मोठे वसतिगृह होते. चोहोबाजूंस मृत्यूचे थैमान चालू असताना तेथील 535 जणांपैकी पाचच पटकीने गेले. त्या आवारात स्वतंत्र विहीर होती आणि नळाचे पाणी वेगळ्या कंपनीचे होते. खुद्द ब्रॉड स्ट्रीटवरील बिअरच्या कारखान्यात सत्तरावर कामगार होते, त्यांतला एकही पटकीने मेला नाही. त्यांना रोज बिअर मिळे. ते पाणी पीतच नसावेत असे मालकांचे म्हणणे पडले. उलट त्याच रस्त्यावर, बंदुकीचा बार उडविण्यासाठी लागणाऱ्या टोप्यांच्या कारखान्यात, सुमारे दोनशे कामगारांसाठी पंपाच्या पाण्याची दोन पिंपे भरून ठेवीत; तेथील अठरा जण मेले.

ह्या सर्वांहून विलक्षण म्हणजे हॅम्पस्टेडच्या वृद्धेची हकीगत. ह्या बाई पूर्वी ब्रॉड स्ट्रीटवर राहत असत. पुढे त्या दूर हॅम्पस्टेडला राहावयास गेल्या, परंतु जुन्या पंपाच्या पाण्याची गोडी सुटली नाही. रोज एक गाडी तिकडे जाई, तीतून पाण्याची मोठी बाटली त्यांच्याकडे पाठवीत. 31 ऑगस्टला पाठविलेले पाणी त्या प्याल्या आणि शनिवारी वारल्या. भेटीस आलेली भाची तेच पाणी पिऊन इझलिंग्टनला आपल्या घरी परतली, तीही गेली. ह्या दोन्ही वस्त्यांत तेव्हा पटकी नव्हती. पाहुणी आली, घरात विशेष असलेले पाणी तिला दिले. आपल्याकडेही कोणत्याही घरी असेच झाले असते.

7 सप्टेंबरच्या सायंकाळी स्नो सेंट जेम्स धर्मग्रामाच्या पालक-मंडळापुढे जाऊन उभे राहिले. मंडळाला त्यांचे मत पटले असे नव्हे. पण दुसऱ्या दिवशी, 8 तारखेस, पंपाचा दांडा काढण्यात आला. दांडा काढला आणि साथ थांबली, अशी कथा शाळेच्या पुस्तकांतून आपण वाचतो. खरे पाहता साथ तोवर उतरणीस लागली होती. लोक पळाले होते. स्नोंनी स्वतःच हे लिहून ठेवले आहे. दांड्याची खरी गोष्ट निराळी आहे आणि ती उघडकीस आणली एका धर्मगुरूने.

बेरिक स्ट्रीटवरील सेंट ल्यूकच्या चर्चमध्ये रेव्हरंड हेन्री व्हाइटहेड हे अँग्लिकन पंथाचे सहायक धर्मगुरू होते. वय तिशीच्या आतच. त्या दहा दिवसांत हा तरुण ह्या गल्ल्यांतून खाटेखाटेपाशी बसला, मरणोन्मुखांचे हात हातांत घेतले. साथ ओसरल्यावर त्याच वर्षी त्यांनी एक लहानशी पुस्तिका लिहिली. जे गलिच्छ होते, व्यसनी होते किंवा भित्रे होते तेच मेले, असा जो सोयीचा समज वरच्या वर्गात पसरला होता, तो त्यांनी आपल्या प्रत्यक्ष अनुभवाने खोडून काढला. कोणत्या घरात केर काढलेला असतो आणि कोणत्या घरात नसतो, हे ते पाहत आले होते. मृत्यूने तसा काही भेद केलेला त्यांना आढळला नाही.

मात्र पंपाची गोष्ट त्यांनाही पटली नव्हती. साथीत त्या पंपाचे पाणी पोटभर पिऊन बरे झालेली माणसे त्यांना ठाऊक होती. वर्षअखेर धर्मग्रामाच्या वतीने चौकशी समिती नेमली गेली, तीत स्नोही होते आणि व्हाइटहेडही. डॉक्टरांचे म्हणणे खोटे पाडावे ह्याच हेतूने व्हाइटहेड पुन्हा दारोदार निघाले. स्नोंनी मुख्यतः मृतांची चौकशी केली होती. व्हाइटहेडनी जिवंतांचीही केली. मेलेल्यांपैकी किती जणांनी ते पाणी घेतले, एवढेच कळून भागत नाही. न मेलेल्यांपैकी किती जणांनी घेतले, हेही कळले पाहिजे. सगळीच गल्ली तेच पाणी पीत असेल तर सगळेच मृत ते पाणी प्यालेले निघणार, आणि त्यावरून काहीच सिद्ध होणार नाही. एका घरात ते चार-चार, पाच-पाच वेळा गेले. गाव सोडून गेलेल्यांचा पत्ता काढला. पहिल्या खेपेस 'नाही' म्हणालेल्यांना पुढच्या खेपेस आठवे की अमक्या संध्याकाळी पोराला तांब्या देऊन पाठविले होते. पाणी भरणारी बहुधा मुले होती, आणि मुले कोठून काय आणतात हे मोठ्यांना नेहमी माहीत असतेच असे नाही.

शेवटी ब्रॉड स्ट्रीटवरील रहिवाशांचा जो हिशेब जुळला तो असा: पंपाचे पाणी घेणारे 137, त्यांपैकी आजारी पडले 80. न घेणारे 297, त्यांपैकी आजारी पडले 20. व्हाइटहेडनी पहारेकऱ्यासारखे राखलेले मत सोडून दिले.

ह्याच सुमारास सरकारच्या आरोग्य मंडळानेही डॉक्टरांचे पथक ह्याच गल्ल्यांत पाठविले होते. त्यांनी काही कमी कष्ट केले नाहीत. घरांची रचना, खोल्यांतील हवा, गटारे, दुर्गंधी, हवामान, सगळ्याची टाचणे केली आणि जाड अहवाल सिद्ध केला. पण रोग हवेतून येतो असे मनात धरूनच ते दारात गेले होते; म्हणून वासाविषयी विचारले आणि वासाविषयीच उत्तर मिळाले. पाण्याचे मत स्वीकारण्यास आधार नाही, असा त्यांचा निष्कर्ष झाला. तीच गल्ली, तीच माणसे.

येथे आमच्या स्वतःच्या घरची एक गोष्ट सांगणे भाग आहे. ती सांगावी की नाही, ह्याचा आम्ही पुष्कळ विचार केला.

आम्ही बेळगावात वाढलो. आमच्या जुन्या गल्लीत एक वर्ष काविळीची साथ आली. तेव्हा आम्ही कॉलेजात होतो. घरी नळ नुकताच आलेला. बाबांनी कर्ज काढून तो घेतलेला, आणि गल्लीत आमचाच नळ पहिला, ह्याचा आम्हां मुलांना फार ताठा. नळास पाणी यायचे चार दिवसांतून एकदा, तेही पहाटे तासभर. प्यायला आम्ही मागच्या विहिरीचेच पाणी आणीत असू. एके दुपारी हातात फॉर्मांचा गठ्ठा घेतलेली एक तरुण आरोग्यसेविका दारात आली. उन्हाने चेहरा लाल झालेला. आई स्वयंपाकघरात होती, दारात आम्हीच होतो. तिने विचारले, "पिण्याचे पाणी कुठले?" आम्ही म्हणालो, "नळाचे." विहिरीचे म्हणायची लाज वाटली, एवढेच कारण. तिने चौकोनात खूण केली, "उकळता ना?" म्हणून विचारले, आम्ही होकार दिला, तिने दुसरी खूण केली आणि ती पुढच्या दारी गेली. पुढच्या दारीही असेच काहीतरी सांगितले गेले, हे मागाहून कळले. शहाण्या घरांनी द्यावयाची उत्तरे सर्वांना पाठ होती.

अकरा दिवसांनी दुसरे एक निरीक्षक आले. वयस्कर गृहस्थ, धोतर-कोटातले वाटावेत असे, पण पायजमा घातलेले. कागद काढण्याआधी ते ओट्यावर टेकले आणि आईला म्हणाले, "बाई, जरा पाणी द्या प्यायला." आमची धाकटी बहीण आतून तांब्या-भांडे घेऊन आली. भांडे हातात धरून, पाणी न पिता, त्यांनी तिला सहज विचारले, "बाळ, कळशी भरायला आज तू गेली होतीस की दादा?" ती म्हणाली, "मीच. विहिरीवर गर्दी होती." त्यांनी आमच्याकडे पाहिलेही नाही. त्या संध्याकाळी विहिरीवर फळ्या ठोकल्या गेल्या. विहिरीलगतचे गटार फुटलेले निघाले.

त्या अकरा दिवसांत आमच्यापासून तिसऱ्या घरची सून गेली. सात महिन्यांची गरोदर होती. पुढे एका डॉक्टरांना आम्ही विचारले. ते म्हणाले, ह्या काविळीचे विष अंगात महिनाभरदेखील दडून राहते. ती बहुधा आधीच बाधलेली असणार. तुमच्या एका उत्तराने ती गेली असे म्हणता येत नाही. म्हणता येत नाही, हे खरे. पण त्या निरीक्षकांना अकरा दिवस आधी जे कळायला हवे होते, ते आम्हांला ठाऊक होते आणि आम्ही सांगितले नाही, हेही खरेच आहे. तिची सासू पुढे कित्येक वर्षे आम्हांला दिवाळीला फराळ पाठवीत असे.

म्हणून स्नो आणि व्हाइटहेड ह्यांच्या कथेत नकाशापेक्षा आम्हांला दारातले संभाषण अधिक महत्त्वाचे वाटते. स्नोंचा नकाशा जगप्रसिद्ध आहे; मृत्यूगणिक घरापुढे एक काळी रेघ, आणि रेघांचा दाट पुंजका पंपाभोवती. परंतु तो नकाशा साथ ओसरल्यावर काढला गेला. ती प्रत्येक रेघ आधी कोणाच्या तरी उंबरठ्यावर उभे राहून, रडणाऱ्या माणसाशी बोलून मिळविलेली होती. आणि उत्तर नेहमी मिळतेच असेही नाही. त्याच वर्षी थेम्सच्या दक्षिणेकडे स्नो दुसरी चौकशी करीत होते. तेथे दोन कंपन्यांचे नळ एकाच रस्त्यातून शेजारी शेजारी गेलेले. एक कंपनी शहराचा मैला मिसळलेल्या जागेतून नदीचे पाणी उचले, दुसरीने आपला उपसा वरच्या, स्वच्छ भागात नेला होता. मृताच्या घरी कोणत्या कंपनीचे पाणी येते, असे विचारले तर भाडेकऱ्यास ते ठाऊकच नसे. पाणीपट्टी भरणारा घरमालक दुसरीकडेच राही. तेव्हा स्नोंनी युक्ती काढली. घरातले थोडे पाणी कुपीत घ्यावयाचे आणि त्यात सिल्व्हर नायट्रेट टाकावयाचे. खालच्या भागातल्या पाण्यात गॅलनला 37.9 ग्रेन मीठ, तर वरच्या भागातल्या पाण्यात एक ग्रेनही नाही. त्यामुळे कुपीतला पांढरा साका पाहूनच कंपनी ओळखू येई. आमच्या ओट्यावर बसून पाण्याचे भांडे मागणाऱ्या त्या निरीक्षकांनी हे कोठे वाचले असेल असे वाटत नाही. पण विद्या एकच.

आता दांड्याविषयी. 1855 च्या वसंतात व्हाइटहेड मृत्यूंची नोंदवही चाळीत होते, ते दुसऱ्याच कशासाठी तरी. त्यांची दृष्टी एका नोंदीवर थबकली: 40, ब्रॉड स्ट्रीट, 2 सप्टेंबर, पाच महिन्यांची मुलगी, चार दिवसांपूर्वी झालेल्या जुलाबानंतर शक्तिपात. कारणाच्या रकान्यात कॉलरा लिहिलेला नव्हता, म्हणून आजवर कोणी ह्या बाळाकडे पाहिले नव्हते. पण ते आजारी पडले ते साथीच्या आधी, आणि 40 क्रमांकाचे घर तर पंपाला लागूनच. व्हाइटहेड त्याच दिवशी त्या आईकडे गेले. ही बाई त्यांच्या ओळखीची. तिने सांगितले की बाळाचे लंगोट बादलीत भिजवून ते पाणी घरापुढील तळघरातल्या मैल्याच्या खड्ड्यात ओतीत असे. मागे एकदा विहीर आतून तपासून निर्दोष ठरविण्यात आली होती. आता समितीने बाहेरून जमीन खणविली. खड्ड्याच्या विटा सुटलेल्या, चुना गेलेला. आणि खड्ड्यापासून विहिरीचे अंतर पुरते तीन फूटही नव्हते.

आणखी एक गोष्ट निघाली. त्या बाळाचा बाप 8 सप्टेंबरला पटकीने आजारी पडला आणि 19 तारखेला वारला. त्याचा मैलाही त्याच खड्ड्यात गेला असणार. त्याच 8 तारखेला पंपाचा दांडा निघाला होता.

हे सांगत असताना आम्ही पंपाशीच उभे होतो. 40 क्रमांकाचे ते घर येथेच कोठेतरी होते. आज त्याचा मागमूस नाही. भाचा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, त्या बाईला कसे विचारले असेल त्यांनी?" आम्हांलाही नेमके तेच पुष्कळ वेळा वाटले आहे. मूल गेलेले, पती गेलेला, आणि सहा महिन्यांनी ओळखीचा धर्मगुरू येऊन विचारतो की लंगोट धुतलेले पाणी कोठे टाकलेस. ह्या प्रश्नाचा अर्थ काय, हे तिला समजल्यावाचून राहिले असेल काय? तरीही तिने खरे सांगितले. शास्त्राच्या इतिहासात स्नोंचे नाव आहे, काही ठिकाणी व्हाइटहेड ह्यांचेही आहे. आमच्या मते त्या उत्तराची योग्यताही त्यांच्याइतकीच आहे.

स्नो 1858 साली पंचेचाळिसाव्या वर्षी वारले. त्यांचे मत सर्वमान्य झालेले पाहण्यास ते उरले नाहीत. 1866 साली पूर्व लंडनमध्ये पुन्हा पटकी आली तेव्हा चौकशीच्या कामी व्हाइटहेडनी पुन्हा हातभार लावला, आणि त्या वेळी दूषित पाण्याचा माग पुष्कळ लवकर लागला. पुढे ते उत्तरेकडे कंबरलंड परगण्यात गेले. 1896 साली त्यांचे देहावसान झाले. शेवटपर्यंत त्यांच्या अभ्यासिकेत स्नोंची तसबीर टांगलेली होती.

आम्हांला सेंट ल्यूकचे चर्चही पाहावयाचे होते. बेरिक स्ट्रीट तेथून चार पावलांवरच. पण चर्च काही सापडेना. दोन दुकानदारांना विचारले, त्यांनी खांदे उडविले. शेवटी भाच्याने मोबाईलवर शोधून सांगितले की ते 1936 सालीच पाडले. पाऊस भुरभुरू लागला होता. आम्ही परत पंपाशी आलो आणि त्या मद्यगृहात शिरून, भाच्याने काहीतरी घेतले, आम्ही साधे पाणी मागितले. पाणी आणून देणाऱ्या मुलीला भाच्याने आमच्याविषयी काय सांगितले कोण जाणे. तिने खिडकीजवळची जागा रिकामी करून दिली. तेथून पंप नीट दिसत होता. एक लहान मुलगा आईचा हात सोडून त्याच्याकडे धावला, तोटीखाली ओंजळ धरून उभा राहिला, दांडा कोठे आहे म्हणून चोहोबाजूंनी पाहू लागला. आणि आईने त्यास ओढून नेले.